तोंडी लावायला काय?

गेल्या एप्रिलच्या अखेरीस आमच्या महाविद्यालयाचे ग्रंथपाल निवृत्त झाले. निरोपाचे जेवण सायंकाळी, गच्चीवर, चाळीस पानांचे ठरले. गोंदियाचा एप्रिल ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको की त्या दिवसांत सूर्य मावळला तरी गच्चीची फरशी तापलेलीच असते. तेव्हा गरम रस्सा, गरम पोळ्या, गरम भात असला बेत नको, असे गृहअर्थशास्त्राच्या आमच्या तरुण सहकारी मॅडमनी सुचवले आणि त्याऐवजी चिकन सॅलड करू म्हणाल्या. कोंबडी सकाळी उकडून ठेवायची, थंड करायची, दही, लिंबू, काकडी, कांदा यांत कालवायची आणि तशीच वाढायची. कल्पना सर्वांना आवडली. उरलेल्या पानात काय काय असावे याची यादी करण्याचे काम मात्र मराठी विभागाकडे, म्हणजे आम्हा दोघांकडे, आले. यादी करणे हे मराठीवाल्यांचे काम, असा आमच्याकडे एक जुना समज आहे.

आम्ही आचाऱ्याकडे गेलो. त्याने सगळे नीट ऐकून घेतले आणि विचारले, "सर, हे तोंडी लावायचं का जेवायचं?"

हा प्रश्न आम्हांला तेव्हा गमतीचा वाटला. नंतरचे तीन-चार दिवस तो डोक्यातून जाईना. चिकन सॅलडसोबत काय द्यावे, हे कोणत्याही पाकपुस्तकात पाहून ठरवता येते. पण ते ठरवण्याआधी आचाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर पाकशास्त्रापेक्षा इतिहासाच्या प्रांतात अधिक येते, असे आमच्या ध्यानात आले.

'तोंडी लावणे' हा मराठीतला मोठा सूचक शब्दप्रयोग आहे. जेवण एक असते आणि ते घशाखाली उतरावे म्हणून त्याच्या जोडीला जे थोडे थोडे घ्यायचे ते तोंडी लावणे. ज्वारीच्या मुलखात भाकरी हे जेवण आणि पिठले, ठेचा, कांदा हे तोंडी लावणे. आमच्या झाडीपट्टीत भात हे जेवण. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण त्याच्या पुष्कळ आधीपासून हा सारा पट्टा धानाचा आहे. वैनगंगा, बाघ, चुलबंद यांची खोरी, कोहळी मंडळींनी बांधलेले तलाव, नवेगावचा बांध हे सारे मुळात धानाच्या बांधीला पाणी मिळावे म्हणून. गावात कोणाला "जेवलास का?" विचारले तर ऐकणाऱ्याच्या मनात भातच उभा राहतो. पोळी खाल्ली असेल तर तो सांगेल, "पोळी खाल्ली, जेवलो नाही अजून." अशा मुलखात कोंबडीचे स्थान काय? वरणाचे जे स्थान तेच. कोंबडी हेही तोंडी लावणेच होते. सर्वांत मानाचे, सर्वांत दुर्मीळ, ज्याच्यासाठी घरातली पोरे सकाळपासून चुलीभोवती घिरट्या घालत असे, पण तरीही भाताच्या तोंडी लावायचे.

म्हणजे 'कोंबडीसोबत काय द्यावे' हा प्रश्नच आमच्या आजीच्या पिढीला पडला नसता. तिला पडणारा प्रश्न उलटा होता : आज भातासोबत काय? आणि वर्षातून काही थोड्या दिवशी त्या प्रश्नाचे उत्तर 'कोंबडी' असे असे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, देवाला दिलेल्या कोंबड्याच्या निमित्ताने, जावई आला म्हणून, किंवा रोवणीच्या शेवटच्या दिवशी बांधीतल्या मजुरांना खाऊ घालायचे म्हणून.

यामागे साधा हिशेब आहे. परसातली गावरान कोंबडी सव्वा-दीड किलोची व्हायला सहा-आठ महिने सहज लागतात. ती अंडी देते, पिले काढते, अडीअडचणीला बाजारात विकता येते. घरातल्या बाईची ती एक छोटी ठेवच असते, आणि पुष्कळ घरांत नवऱ्याला न विचारता खर्च करता येणारी तेवढीच. अशी कोंबडी कापली जाई तेव्हा ती एका माणसाने खाण्याची वस्तू नव्हती. घरातली आठ माणसे, पाहुणे दोन, शिवाय शेजारी वाटीभर पाठवायचा. दीड किलोच्या पक्ष्यातून अकरा-बारा माणसे निभवायची तर एकच उपाय होता, तो म्हणजे रस्सा. भाजलेला कांदा, सुके खोबरे, खसखस, लसूण, मिरची यांचे वाटण घालून पाणी वाढवायचे, तवंग आणायचा आणि तो भाताच्या ढिगावर ओतायचा. फोड एकच येवो, कोंबडीची चव मात्र प्रत्येकाच्या शेवटच्या घासापर्यंत पोचते. नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाच्या सावजी रश्शाची ख्याती त्याच्या तिखटपणासाठी सांगतात. आम्हांला वाटते, तिखट हेही थोडक्यात पुष्कळ भागवण्याचे एक साधन असावे. जहाल रस्सा माणूस ओरपत नाही, भात जास्त घेतो.

आणि या रश्शाच्या सोबतीला काय असे? जे त्या ऋतूत घरात असेल ते. धान कापणीला येण्याआधी, उभ्या पिकातच ओलीवर लाखोरी, जवस, हरभरा फेकून पेरायची आमच्याकडची रीत, तिला उतेरा म्हणतात. त्यामुळे हिवाळ्यात लाखोरीची कोवळी भाजी आणि वर्षभर जवसाची चटणी. पावसाळ्यात अंबाडी, बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते, रानातली आळंबी म्हणजे आमच्या सात्या. उन्हाळ्यात कैरी आणि कांदा. टमाटरला इथे भेदरं म्हणतात. ते निखाऱ्यात भाजून, मीठ, मिरची आणि भरपूर सांबार घालून रगडले की झालेली चटणी. (पुण्या-मुंबईच्या वाचकांनी घाबरू नये, सांबार म्हणजे कोथिंबीर. या एका शब्दावरून आमच्याकडे बदलून आलेल्या प्राध्यापकांची भाजीबाजारात जी फजिती होते ती स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) या सगळ्या जिनसांत एक गुण समान आहे. त्या आंबट आहेत, तुरट आहेत किंवा कडवट आहेत. तेलकट, मसालेदार रश्शाला ज्या चवीची ओढ लागते ती त्या पुरवतात, आणि त्यांना पैसा पडत नाही.

ताटात कशाच्या शेजारी काय, हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अन्नपानाच्या प्रकरणात राजाला जेवण कसे मांडावे ते सांगितले आहे. तूप लोखंडाच्या भांड्यात, पेया रुप्याच्या, फळे आणि खाद्ये पानांवर, उकळून निववलेले दूध तांब्याच्या भांड्यात, पाणी मातीच्या. समोर मधोमध रुंद, स्वच्छ पात्रात भात. उजवीकडे फळे आणि कोरडे पदार्थ, डावीकडे पातळ पदार्थ. आमचे लक्ष वेधले ते दोन तपशिलांनी. कोरडे मांस सोन्याच्या पात्रात वाढावे असे तिथे आहे, आणि राग-षाडव, म्हणजे आंबटगोड चटण्या-सरबतांचा जो वर्ग, तो काचेच्या किंवा स्फटिकाच्या भांड्यात. मांस सोन्यात असले तरी मध्य भाताचाच आहे. राजाच्या ताटातही मांस बाजूला बसते.

पुढे मराठी पंगतीच्या पानाची जी मांडणी रूढ झाली तिच्यात डाव्या-उजव्याचे हिशेब बदलले. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे डावीकडे, भाज्या आणि आमटी उजवीकडे, मध्ये भाताची मूद. हे 'डावे-उजवे' आपल्या भाषेत इतके मुरले की भेदभावालाच आपण डावे-उजवे करणे म्हणू लागलो. पण हे पान शाकाहारी पंगतीचे. कोंबडीच्या जेवणाला तसे लिखित किंवा रूढ मांडणीशास्त्र आमच्या भागात तरी आढळत नाही. पळसाच्या पानांची पत्रावळ, तिच्यात भात, भाताला केलेल्या आळ्यात रस्सा, काठाला मीठ आणि कांदा. मांडणी करायला सवड कोणाला होती?

चरकाने कोंबडीला विष्किर वर्गात, म्हणजे माती उकरून दाणे वेचणाऱ्या पक्ष्यांत घातले आहे. तिचे मांस स्निग्ध, उष्ण, बल देणारे, वात हरणारे, घाम आणणारे आणि आवाज सुधारणारे असल्याचे तो सांगतो. हा शेवटचा गुण चार-चार तासिका घेणाऱ्या आमच्यासारख्यांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. गंमत बाजूला ठेवली तरी 'उष्ण' आणि 'घाम आणणारे' हे शब्द एप्रिलच्या गच्चीवर आम्हांला आठवणे साहजिक होते. कोंबडी अंगात उष्णता करते ही समजूत खेड्यापाड्यांत आजही पक्की आहे, आणि तिच्यासोबत कांदा, काकडी, ताक हवे हा आग्रह त्या समजुतीतूनच येतो.

आता या इतिहासाची दुसरी, जरा अप्रिय बाजू. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांनी न खाण्याच्या पदार्थांची एक यादी आहे. एकाच श्लोकात आळंबी, गावडुक्कर, लसूण, गावठी कोंबडा, कांदा आणि गृञ्जन यांची नावे आहेत, आणि जाणूनबुजून ते खाणारा पतित होतो असा निवाडा आहे. हा श्लोक आम्ही विद्यार्थिदशेत वाचला होता. पण पंगतीच्या यादीच्या निमित्ताने तो पुन्हा पाहिला तेव्हा एकदम निराळाच दिसला. कोंबडी, कांदा, लसूण आणि पावसाळ्यातल्या सात्या : एक डुक्कर वगळले तर हे झाडीपट्टीतल्या कोणत्याही घरच्या मेजवानीचे जिन्नस आहेत. स्मृतिकाराने ज्यांना निषिद्ध म्हणून एका ओळीत बसवले ते स्वयंपाकघरात आपोआप एकमेकांचे सोबती ठरले. कोंबडीसोबत कांदा का, याचे चवीचे कारण आम्ही वर दिले. दुसरे कारण असे की ज्याच्या घरात कोंबडी शिजू शकत होती त्याच्याच घरात कांदा-लसूणही निःसंकोच शिजत होता. ही दोन्ही कारणे एकमेकांत इतकी गुंतली आहेत की ती सोडवता येतील असे आम्हांला वाटत नाही.

आणि ही गोष्ट जुनी झाली असे कोणी म्हणू नये. पुण्यात ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आदी मंडळी चहा-बिस्किटांना बसली आणि त्या बिस्किटांपायी ग्रामण्य उभे राहिले. आमच्या निरोपसमारंभात ग्रामण्य झाले नाही, पण कोशिंबिरीची दोन पातेली करावी लागली. कोशिंबीर एकच, काकडीची, दाण्याचे कूट घातलेली, एकाच हाताने कालवलेली. पण चिकन सॅलडच्या टेबलावरची कोशिंबीर शाकाहारी मंडळींना चालणार नव्हती. डाव उष्टावतो, थेंब पडतो, म्हणून. कारण समजण्याजोगे आहे, आणि एखाद्याच्या आहाराचा मान राखलाच पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही. फक्त एवढेच नोंदवतो की शाकाहारी टेबलावरचे पातेले मांसाहारी टेबलाकडे आले तर कोणाची हरकत नव्हती. तोंडी लावण्यालाही एक दिशा असते.

कोंबडीचे सॅलड ही चीज मुळात परक्या पानातली. युरोपात थंड मांस, कच्ची पाने, अंडे आणि आंबट रस एकत्र करण्याची चाल जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात मेयोनेझचा प्रसार झाला आणि तिला निश्चित रूप आले. मॉस्कोच्या 'हर्मिटेज' उपाहारगृहात १८६०च्या दशकात ल्युसिअँ ऑलिव्हिए या आचाऱ्याने जे प्रसिद्ध सॅलड केले त्यात रानपक्ष्याचे मांस होते. तेच पुढे जगभर 'रशियन सॅलड' म्हणून फिरले आणि फिरताफिरता त्यातला पक्षी उडून गेला. आमच्याकडच्या लग्नांत बुफे आला तेव्हा मेजाच्या कडेला बटाटा, गाजर, वाटाणा आणि अननस यांचा जो पांढरा डोंगर दिसू लागला तो त्याचाच वंशज. लोक त्याला हात लावत नसत, तरी तो नसला तर यजमानाची अब्रू जात असे.

पण आमच्या प्रश्नाला खरोखर उपयोगी पडले ते एक वेगळेच उदाहरण. २ जून १९५३ रोजी लंडनमध्ये राणी एलिझाबेथ दुसरीचा राज्याभिषेक झाला. परदेशी पाहुण्यांसाठी वेस्टमिन्स्टर शाळेच्या दालनात दुपारचे भोजन होते. साडेतीनशेच्या आसपास पाने, आणि स्वयंपाकाची सोय अपुरी. म्हणून आधी करून ठेवता येईल असा थंड पदार्थ हवा होता. रोझमेरी ह्यूम आणि कॉन्स्टन्स स्प्राय या दोघी पाककलेची शाळा चालवीत. त्यांनी उकडलेली कोंबडी गार करून मेयोनेझ, साय, कांदा, जर्दाळूचा गर आणि थोडी करी पावडर यांच्या पिवळसर सारणात घोळवली. याच पदार्थाला पुढे 'कॉरोनेशन चिकन' म्हणू लागले आणि १९५६च्या त्यांच्या पुस्तकामुळे तो घरोघरी गेला. त्या कोंबडीसोबत वाढले काय होते? भाताचे सॅलड. मोकळा शिजवलेला गार भात, त्यात वाटाणे, काकडीच्या फोडी, हिरवी पाने आणि आंबट-तेलाचा हलका हात.

हे वाचून आम्ही एकमेकांकडे पाहिले. साम्राज्य आटोपल्यावर सहा वर्षांनी, लंडनच्या राजमेजवानीत, हिंदुस्थानी मसाल्याचा वास लागलेली कोंबडी मध्ये आणि भात बाजूला. आमच्या पत्रावळीत जे मध्ये होते ते तिथे तोंडी लावणे झाले होते आणि जे तोंडी लावणे होते ते मध्ये येऊन बसले होते. आचाऱ्याचा प्रश्न नेमका याच उलथापालथीविषयी होता.

ही उलथापालथ आपल्याकडे इंग्रजांनी आणली असे म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही. साहेबाच्या बंगल्यावर आणि मुंबईच्या काही घरांत ती आधी पोचली असेल. १९१०मध्ये लक्ष्मीबाई धुरंधरांनी 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हे पुस्तक लिहिले तेव्हा शाकाहार आणि मांसाहार दोन्ही निःसंकोचपणे एका जिल्दीत आणणारी मराठी गृहिणी मुंबईत होती. पण धानाच्या मुलखात कोंबडी ताटाच्या मध्यावर सरकली ती फार अलीकडे, आणि तिला सरकवले ब्रॉयलरने. १९७१मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. पुढच्या दोन दशकांत सहा-सात आठवड्यांत दोन किलोच्या आसपास वजन भरणारी पांढरी कोंबडी गावोगावच्या चौकात जाळीत येऊन बसली. कोंबडीची 'चिकन' झाली. भाषेच्या अभ्यासकांनी या बदलाकडे पुरेसे लक्ष दिले नाही असे आमचे मत आहे. आजही आमच्या भागातला माणूस "कोंबडी कापली" म्हणतो तेव्हा ती परसातली असते, आणि "चिकन आणलं" म्हणतो तेव्हा ती दुकानातली. एकीला कारण लागते, दुसरीला रविवार पुरतो.

चिकन मुबलक झाले म्हणून रश्शाची गरज संपली. ज्यात पाणी वाढवता येत नाही असे पदार्थ, म्हणजे तंदुरी, सुके, चिली आणि आता सॅलड, परवडू लागले. सॅलडचा हिशेब निराळाच असतो. चाळीस माणसांना दीडशे ग्रॅमप्रमाणे धरले तर सहा किलो हाडाविना मांस लागते, त्यासाठी दहा-अकरा किलो साफ केलेली कोंबडी. त्याच चाळीस माणसांचा रस्सा भाताबरोबर पाच-सहा किलोंत निभतो आणि त्यातूनही उरतो. सॅलडमधून काही उरत नाही. मोजून करायचे, मोजून वाढायचे.

अखेर आम्ही जी यादी केली ती अशी विचार करून. मध्ये सॅलड असणारच होते, तो निर्णय झाला होता. त्याच्या शेजारी भाकरी नको, कारण थंड आणि दह्यातल्या कोंबडीबरोबर भाकरी घशात फिरते, तिला ओले काहीतरी लागते. पाव सुचवला गेला, पण धानाच्या गावात निरोपाचे जेवण पावावर भागवणे ग्रंथपालांना अपमान वाटला असता. भात हवाच, पण गार आणि मोकळा. त्यासाठी एचएमटी घेतला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या लहानशा शेतात निवड करत करत १९८०च्या दशकात हे वाण सिद्ध केले, त्या काळी हाती बांधत त्या घड्याळाचे नाव त्याला दिले, आणि २०१८मध्ये ते गेले तेव्हा त्यांचा तांदूळ शेजारच्या राज्यांतही पिकत होता. दाणा बारीक आणि शिजल्यावर सुटा राहतो, गार झाला तरी गोळा होत नाही. त्यात कैरीचा कीस, कांदा, सांबार आणि मोहरीची फोडणी. मेयोनेझवाल्या भातापेक्षा हा आमच्या उन्हाळ्याला शोभतो. भाजलेल्या भेदराची चटणी ठेवली, कारण सॅलड मऊ आणि फिके असते आणि धुराच्या वासाने त्याला जाग येते. जवसाची कोरडी चटणी ठेवली, दाताखाली काही कुरकुरीत यावे म्हणून. काकडीची कोशिंबीर दोन पातेल्यांत. बटाट्याचे काप, वेफर्स वगैरे सूचना आल्या होत्या, त्या आम्ही अधिकार वापरून फेटाळल्या. शेवटी मठ्ठा.

अंबाडीची भाजी घ्यावी की नाही यावर आम्हा दोघांत मतभेद झाला. एकाचे म्हणणे, दह्याच्या आंबटावर अंबाडीचा आंबट म्हणजे आंबटाची पुनरुक्ती. दुसऱ्याचे म्हणणे, पुनरुक्ती हा प्रत्येक वेळी दोष नसतो. तो वाद अजून मिटलेला नाही. भाजी झाली नाही, कारण एप्रिलमध्ये चांगली अंबाडी मिळाली नाही.

जेवण उत्तम झाले. ग्रंथपाल दोनदा भात घेऊन म्हणाले, "कोंबडीपेक्षा भातच चांगला झाला," आणि हे त्यांनी मॅडमच्या देखत म्हणायला नको होते. भेदराची चटणी पहिल्या अर्ध्या तासात संपली.

महाविद्यालयातले शिपाई, झाडलोट करणाऱ्या मावशी, पाणी वाढणारी दोन मुले आणि पहारेकरी काका अशी नऊ माणसे सर्वांत शेवटी बसली. हे कोणी ठरवलेले नव्हते. नेहमी तसेच होते म्हणून तसे झाले. तोवर सॅलडच्या परातीत दह्याचे पाणी, काकडीच्या चार-दोन फोडी आणि कोथिंबीर उरली होती. चाळीस पानांच्या हिशेबात ही नऊ पाने आम्ही धरलीच नव्हती. यादी आमची होती, चूकही आमची. घरी कोंबडी झाली की आमची आजी सर्वांत शेवटी जेवायची, आणि तिच्या भातावर फोड नसायची हे आम्हांला मोठेपणी कळले. पण रस्सा असायचा, कारण रस्सा ती मुळातच जास्त करायची, स्वतःला धरून.

मावशींनी भात घेतला, कोशिंबीर घेतली, मठ्ठा घेतला. आचाऱ्याने मागच्या बाजूला झाकून ठेवलेले एक पातेले आणले. कोंबड्या सोडवल्यावर राहिलेली हाडे, पंख आणि माना त्याने टाकल्या नव्हत्या. कांदा-लसणाचे वाटण घालून त्यांचा रस्सा करून ठेवला होता, आम्हांला न विचारता. गरम होता. नऊ माणसांना पुरून उरला, तेव्हा आम्हीही पुन्हा एकदा भात घेऊन त्यांच्या ओळीत बसलो.